निगडित : एका शब्दाच्या पायातील बेडी

‘शेतीशी निगडित उद्योग’, ‘कामगिरीशी निगडित वेतन’, ‘या प्रश्नाशी निगडित बाबी’. हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वाचतो, याची गणती नाही. पण ‘निगडित’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘पायात लोखंडी बेडी अडकवलेला’ असा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? गेल्या महिन्यापर्यंत मलाही नव्हते. आजचा धागा त्या बेडीचा आहे. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

झाले असे, की माझ्या प्रबंधिकेच्या एका प्रकरणाचा मसुदा मार्गदर्शकांकडून परत आला. एका पानावर ‘निगडित’ हा शब्द सात वेळा आला होता आणि सातही ठिकाणी खाली लाल रेघ होती. समासात एवढेच लिहिले होते : ‘निगड म्हणजे काय, ते पाहा.’ मी पाहिले. आणि मग मूळ प्रकरण बाजूला राहून मी या शब्दामागे पंधरा दिवस हिंडत राहिलो.

‘निगड’ हा शब्द अमरकोशात आहे. पण तो तुरुंगाच्या किंवा दंडाच्या शब्दांत शोधाल तर सापडणार नाही. तो आहे क्षत्रियवर्गात, हत्तीच्या साहित्यात. शृंखला, अंदुक आणि निगड हे तीन शब्द तिथे एकापाठोपाठ येतात आणि लगेच पुढे येतो अंकुश. म्हणजे कोशकाराच्या डोळ्यांसमोर हे लोखंड प्रथम हत्तीच्या पायात आहे. प्रचंड बळाच्या प्राण्याला एका जागी उभे ठेवण्याचे ते साधन. तेच माणसाच्या पायात आले. कोणत्या क्रमाने आले हे कोश सांगत नाही, परंतु शब्दाला दोन्ही पाय परिचित आहेत.

त्या तिघांपैकी ‘शृंखला’चे नशीब आपण जाणतो. ती आज व्याख्यानांची असते, लेखांची असते, पर्वतांची असते. तिचेच प्राकृतातून घासून आलेले रूप म्हणजे आपली ‘साखळी’. एकाच शब्दाची ही दोन अपत्ये. एक संस्कृताचा पोशाख करून व्यासपीठावर बसले, दुसरे गोठ्यात आणि दाराच्या कडीत राहिले. साखळीही आता पुरवठ्याची असते, उपोषणाची असते. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आदेशांचे नावच ‘ब्रेक द चेन’ होते, आणि साखळी तोडण्यासाठी त्या आदेशांनी जे घातले त्याला आपण ‘निर्बंध’ म्हणत होतो. साखळी तोडायची म्हणून बांधून घ्यायचे! त्या दिवसांत घरात बसून कोणाला हे हसू सुचले नाही, हे साहजिकच आहे.

आणखी एक गंमत पाहा. ज्याची शृंखला सुटली तो ‘उच्छृंखल’. व्युत्पत्तीने पाहिले तर हा मुक्त माणूस. प्रत्यक्ष वापरात मात्र ही शिवी आहे, आणि ती अधिक करून कोणाला दिली जाते, हे वेगळे सांगायला नको. ‘बेबंद’चेही तसेच. बंद नसलेला तो बेबंद, आणि बेबंदशाही म्हणजे अनाचार. याउलट ‘बंदोबस्त’ हा फारसीतून आलेला शब्द अक्षरशः ‘बांधणे आणि बांधलेले’ असा आहे, आणि तो आपल्याला चांगला वाटतो. गणेशोत्सवात चोख लागतो तो बंदोबस्त. म्हणजे भाषेने बाजू निवडलेली आहे : बांधलेले ते व्यवस्थित, सुटलेले ते बिघडलेले.

पण या धाग्याचा मुद्दा एवढाच नाही. शब्दांचे अर्थ बदलतात, हे नवे नाही. मला खटकले ते वेगळेच. बेडीचा लाक्षणिक अर्थ कोणी घडवला? ज्याच्या पायात ती होती त्याने, की ज्याने ती रस्त्यावरून जाताना पाहिली त्याने?

या प्रश्नाचे पहिले उदाहरण फार जुने आहे. पाली जातककथांत ‘बंधनागार जातक’ नावाची एक कथा आहे. तिच्या प्रस्तावनेत काही भिक्खू श्रावस्तीत भिक्षेला जातात. कोसलराजाच्या बंदिशाळेत त्यांना चोर-दरोडेखोर दिसतात : कोणी बेड्यांत, कोणी दोरांत, कोणी साखळ्यांत. ते परत येऊन बुद्धांना विचारतात, की याहून बळकट बंधन असू शकते काय? उत्तर मिळते ते असे, की ही बंधने काहीच नव्हेत. धनधान्य, पत्नी, पुत्र यांची आसक्ती हे खरे बळकट बंधन, कारण ते सैल वाटते आणि तुटत नाही. धम्मपदातही हा विचार आहे.

विचार गंभीर आहे, त्याविषयी वाद नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या कथेच्या चौकटीकडे पाहावेसे वाटते. प्रश्न विचारणारे भिक्खू मोकळे आहेत. उत्तर देणारे मोकळे आहेत. ज्यांच्या पायांकडे पाहून हा सगळा संवाद सुरू झाला ते चोर त्या बंदिशाळेतच आहेत, आणि कोणते बंधन अधिक बळकट आहे हे त्यांना कोणीही विचारलेले नाही.

जैन परंपरेत कुंदकुंदाचार्यांच्या ‘समयसार’ या प्राकृत ग्रंथात हीच उपमा आणखी एक वळण घेते. बेडी सोन्याची असो वा काळ्या लोखंडाची, बांधायचे काम दोन्ही सारखेच करतात. तसेच पुण्य आणि पाप, दोन्ही कर्मे जीवाला बांधतात. तिथे बेडीसाठी आलेला प्राकृत शब्द आहे ‘णियल’. हा आपला ‘निगड’च. ‘सोन्याची बेडी’ हा वाक्प्रयोग आज आपण परदेशातील गलेलठ्ठ पगाराच्या नोकरीला लावतो. त्याचे मूळ इतके जुने आणि इतके वेगळे आहे.

मराठीत हा विचार सर्वांत सुंदर रूपात येतो तो ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात, आणि तिथे तर लोखंडच नाही. कोरडे लाकूड सहज पोखरून जाणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. प्राण गेले तरी तो पाकळी चिरत नाही. स्वजनांना पाहून विरघळलेल्या अर्जुनाला दिलेला हा दृष्टांत. बंधनाची ताकद त्याच्या कठीणपणात नसून कोवळेपणात आहे, हे एवढ्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल.

आता एक नाटक. मला वाटते, बेडीच्या दोन्ही अर्थांना एकाच रंगमंचावर आणण्याचे काम शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’इतके कोणी नेमके केलेले नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी संगीत रंगभूमीवर आणले, म्हणून चारुदत्त आणि वसंतसेना आपल्याला परके नाहीत. पण त्यांच्या प्रेमकथेच्या आडून जी राजकीय कथा वाहते, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते.

आर्यक हा गवळ्याचा पोर. तो राजा होणार असे भविष्य कोणीतरी वर्तवले, एवढ्यावरून राजा पालक त्याला तुरुंगात टाकतो. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रतिबंधक स्थानबद्धता. शर्विलक नावाचा मित्र त्याची सुटका करतो. (हा शर्विलक म्हणजे तोच, ज्याने आधी चारुदत्ताच्या घराला कलात्मक खिंडार पाडले होते.) आर्यक पळतो, पण एका पायात तुटलेली बेडी तशीच लोंबते आहे. रस्त्यात चारुदत्ताची बैलगाडी उभी असते. ती वसंतसेनेला न्यायला आली आहे. आर्यक आत शिरतो.

आणि इथे शूद्रक काय करतो पाहा. गाडीवानाच्या कानावर आतून लोखंडाची किणकिण येते, आणि तो समजतो, बाईसाहेब आल्या, पैंजण वाजले. तो गाडी हाकतो.

बेडी आणि पैंजण. दोन्ही घोट्याभोवती, दोन्ही धातूची, दोन्हींचा आवाज चालणाऱ्याची वर्दी देणारा. आपल्याकडेही पाहा : हातात घालायचे ते कडे आणि हातात पडते ती हातकडी. पायात घालायच्या त्या साखळ्या आणि पायात पडते तीही साखळी. वस्तूचे नाव एकच. अर्थ ठरतो तो ती कोणी घातली आणि काढायची मुभा कोणाला आहे, यावर.

पुढे गाडी उद्यानात पोहोचते. पडदा सरकवतो तर आत वसंतसेना नाही, बेडी घातलेला पुरुष. चारुदत्त क्षणभरही न डगमगता त्याला अभय देतो आणि गाडीवानाला सांगतो, की आधी याच्या पायातील बेडी काढ. बेडी निघते. तेव्हा आर्यक उद्गारतो, की ही काढलीत खरी, पण स्नेहाच्या दुसऱ्या, हिच्याहून बळकट बेड्या घातल्यात. जातकातील तोच विचार. परंतु या वेळी तो अशा माणसाच्या तोंडी आहे, ज्याच्या घोट्यावर लोखंडाचा वळ अजून ओला आहे. त्याला ही उपमा वापरण्याचा अधिकार आहे. म्हणून ती तिथे खोटी वाटत नाही.

आर्यक निघून गेल्यावर चारुदत्त आणखी एक गोष्ट करतो. ती निघालेली बेडी जुन्या विहिरीत टाकायला सांगतो. उपमा झाली, कृतज्ञता झाली. पण लोखंड जमिनीवर पडलेलेच आहे आणि ते राजाच्या हेरांना सापडले तर दोघांचाही जीव जाईल. शूद्रकाला लोखंडाचा विसर पडत नाही. आपल्याला तो पडला.

मराठीच्या वाक्प्रचारांत माणसाला बांधण्याच्या किती तऱ्हा जमा झाल्या आहेत, याची मी एक वही केली आहे. तिची सगळी पाने इथे उलटत नाही. पण काही नमुने पाहण्यासारखे आहेत.

‘खोडा घालणे’ म्हणजे आज कामात अडथळा आणणे. खोडा ही मात्र एक खरीखुरी वस्तू : भोके पाडलेले जड लाकूड. त्यात कैद्याचे पाय अडकवून त्याला बसवून ठेवत. ‘गळ्यात लोढणे’ हे ओढाळ गुराच्या गळ्यात बांधायचे ओंडके. गुरू धावू लागले की ते गुडघ्यांवर आपटते. ‘मुसक्या आवळणे’ याविषयी तर माझा स्वतःचाच मोठा गैरसमज होता. बैलाने पिकात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला जे जाळीदार मुसके बांधतात, त्यावरून तो शब्द आला असे मी धरून चाललो होतो. परंतु हिंदीत ‘मुश्कें बाँधना’ आहे आणि तिथे मुश्क म्हणजे माणसाचा दंड. दोन्ही दंड पाठीमागे ओढून करकचून बांधणे, ते मुसक्या बांधणे. म्हणजे आपण वर्तमानपत्रात ‘पोलिसांनी टोळीच्या मुसक्या आवळल्या’ असे वाचतो, तेव्हा त्या शब्दात मुळात एका माणसाचे खांदे उखळायला आलेले आहेत.

आणि ‘चतुर्भुज होणे’? याचे दोन अर्थ एकाच दमात शिकवले जातात : लग्न होणे आणि कैद होणे. दोनाचे चार हात झाले, ही विवाहाची बाजू सर्वांना कळते. अटकेची बाजू म्हणजे त्याच शब्दाला दिलेला मिश्कील चिमटा. याच थट्टेच्या कुळातील शीर्षक आचार्य अत्र्यांनी १९३६ साली आपल्या नाटकाला दिले : ‘लग्नाची बेडी’. नाटक तुफान चालले आणि हा शब्दप्रयोग घरोघरी गेला. थट्टा करणारा येथे बहुधा नवरा असतो, हेही नोंदवून ठेवावे. तारामती-शैव्येसारख्या बाजारात विकल्या गेलेल्या राण्यांच्या कथा सांगणाऱ्या समाजात लग्नात बांधला जातो तो पुरुष, अशी विनोदाची रूढी पडावी, हे विचार करण्यासारखे आहे.

तर लाक्षणिक अर्थाचा हा संसार असा भरला. आता लोखंडाकडे येऊ.

‘बेड्या ठोकल्या’ या शब्दप्रयोगातील क्रियापद पाहा. हल्लीची हातकडी कोणी ठोकत नाही. ती मनगटावर दाबली की दात अडकून बंद होते आणि किल्लीने उघडते. ‘ठोकणे’ ही आठवण आहे लोहाराची. पूर्वी कैद्याच्या घोट्याभोवती लोखंडी वळे बसवून ते ऐरणीवर हातोड्याने खिळा मारून पक्के करीत. काढायचे तेव्हाही लोहारच लागे. हातोड्याचा घाव थोडा चुकला, तर काय होत असेल, याची कल्पना करावी. हत्यार बदलले, लोहार गेला. क्रियापद मात्र अजून हातोडा धरून उभे आहे.

ब्रिटिश काळात या लोखंडाचे वर्गीकरण झाले. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये (बांधकाम १९०६ साली पूर्ण झाले) शिक्षांची जी भाषा होती ती आपल्यापर्यंत पोहोचली, कारण तिथे गेलेल्या राजबंद्यांनी ती लिहून ठेवली. वि. दा. सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ हे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे. बारींद्रकुमार घोष यांनीही आपल्या आठवणी लिहिल्या. ‘खडी बेडी’ म्हणजे भिंतीवर डोक्याच्या उंचीवर असलेल्या कडीला हात अडकवून तासन्‌तास उभे ठेवणे. ‘दंडाबेडी’ म्हणजे दोन्ही घोट्यांतील वळ्यांपासून निघालेल्या दोन लोखंडी सळया कमरेपर्यंत आणलेल्या. ‘आडवी बेडी’ सर्वांत वाईट : दोन्ही घोट्यांमध्ये एक आडवा दांडा, त्यामुळे पाय कायम फाकलेले. चालताना, बसताना, झोपतानाही ते जवळ आणता येत नाहीत. अलीपूर खटल्यातील उल्लासकर दत्त यांना १९१२ मध्ये खड्या बेडीत टांगले गेले. तापाने फणफणलेल्या त्या तरुणाचे मन त्यानंतर ढळले आणि त्यांना वेड्यांच्या इस्पितळात हलवावे लागले.

मुख्य भूमीवरील तुरुंगांसाठी १८९४ चा कारागृह अधिनियम होता. त्याच्या ४६ व्या कलमात तुरुंगातील शिस्तभंगाच्या शिक्षांची यादी आहे, तीत हातकड्या आणि बेड्या आहेत आणि त्यांचा नमुना व वजन नियमांनी ठरवावे असे म्हटले आहे. ५६ व्या कलमानुसार ‘सुरक्षित ताबा’ या कारणासाठीही अधीक्षक कैद्याला लोखंडात ठेवू शकत होता. ५७ व्या कलमानुसार काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्याला पहिले तीन महिने बेडीत ठेवता येत होते. हा कायदा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ‘वजन’ या शब्दापाशी अडखळलो. उपमांना वजन नसते.

याच दशकांत व्यासपीठावरून दुसरी बेडी गाजत होती : ‘दास्याची शृंखला’, ‘पारतंत्र्याच्या बेड्या’. साखळदंडांतील भारतमातेची चित्रे घराघरांत लागली. ही उपमा खोटी नव्हती. तिने माणसे तुरुंगात जायला तयार केली आणि तिथे त्यांच्या पायात खऱ्या बेड्या पडल्या. इथे लाक्षणिक आणि वाच्य अर्थ काही काळ एकमेकांना भेटले, आर्यकाच्या वेळी भेटले होते तसे.

१५ ऑगस्ट १९४७ ला बेड्या तुटल्या, असे आपण शाळेतील भाषणांत म्हणत आलो. मीही सातवीत म्हटले आहे, बक्षीसही मिळाले होते. पण १८९४ चा कायदा त्या दिवशी तुटला नाही. कलम ४६ राहिले, ५६ राहिले. उपमेतील बेडी गेली आणि वजन ठरवलेली बेडी तुरुंगाच्या भांडारात तशीच राहिली. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी ती पुन्हा दिसली, दिल्लीच्या तिहार तुरुंगात. या वेळी ती होती चार्ल्स शोभराजच्या पायात. १९७६ पासून सुमारे दोन वर्षे, दिवसरात्र आडवी बेडी. अंदमानातील राजबंद्यांनी वर्णन केलेली तीच.

शोभराज हा सहानुभूतीस पात्र माणूस नव्हता, हे आपण सगळे जाणतो. पण बंदिवानांच्या हक्कांचा कायदा अनेकदा अशाच नावडत्या माणसांच्या पायवाटेने येतो. सुनील बत्रा या कैद्याच्या याचिकेबरोबर शोभराजची याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे आली. अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड होते, आपल्या पुण्याचे. ३० ऑगस्ट १९७८ च्या निकालाने ५६ वे कलम रद्द केले नाही, परंतु त्याची नखे काढली : त्या विशिष्ट कैद्यापासून खरोखर धोका आहे याची सबळ कारणे हवीत, अमर्याद काळ बेडी चालणार नाही, शोभराजची बेडी पुढे चालू ठेवता येणार नाही.

दोन वर्षांनी दुसरे प्रकरण आले, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म त्यात आहे. प्रेमशंकर शुक्ला नावाच्या तिहारमधील कच्च्या कैद्याने न्यायमूर्तींना एक तार केली. न्यायालयात नेता-आणताना मला जबरदस्तीने हातकडी घालतात, अशी तक्रार. न्या. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने तीच याचिका मानली. सुनावणीत पंजाब पोलीस नियमांतील एक तरतूद पुढे आली. कच्च्या कैद्यांचे दोन वर्ग होते. शिक्षण, सामाजिक प्रतिष्ठा किंवा राहणीमान यांमुळे ज्यांना वरच्या दर्जाच्या जीवनाची सवय आहे ते ‘वरचा वर्ग’, बाकीचे ‘सामान्य’. वरच्या वर्गाला सहसा हातकडी नाही. सामान्याला आहे.

म्हणजे कोणाच्या हातात लोखंड पडेल आणि कोणासाठी ‘बेडी’ ही केवळ उपमा राहील, हे ठरवणारा लेखी नियम होता. न्यायालयाने १९८० मध्ये तो समतेच्या विरुद्ध ठरवला आणि सांगितले, की हातकडी हा अपवाद आहे. सकृद्दर्शनी ती अमानुष आहे. घालायची असेल तर कारणे नोंदवली पाहिजेत.

तरीही पुढे कुलदीप नय्यर यांना न्यायालयाला पत्र लिहावे लागले. गुवाहाटीच्या इस्पितळात सात स्थानबद्ध रुग्णांना खाटेला हातकड्यांनी जखडून, वर दोराने बांधून ठेवलेले त्यांनी पाहिले होते. खोलीला कुलूप, बाहेर पहारा, आणि आत आजारी माणूस बेडीत. न्यायालयाने पुन्हा बजावले, की दंडाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून बेडी नको.

आता सध्याच्या काळात येऊ. मागील हिवाळ्यात जुन्या दप्तरासाठी मी एका जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात जात होतो. तिथल्या व्हरांड्यात एक माणूस बसलेला असे. माझ्याच वयाचा असावा. दोन्ही हातांत हातकडी, तिचा दोर शेजारच्या शिपायाच्या पट्ट्याला. हातकडीवर त्याने एक रुमाल टाकला होता. चहा आला तेव्हा त्याने पेला दोन्ही हातांनी उचलला आणि रुमाल घसरला. चहा बाजूला ठेवून त्याने आधी रुमाल नीट केला. शिपाई वाईट माणूस नव्हता. त्याने वाकून रुमालाचे टोक धरायला मदतच केली. मी समोरून हातात फाईल घेऊन गेलो. फाईलवर माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘महसुलाशी निगडित पत्रव्यवहार’.

त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात तीन ठिकाणी ‘बेड्या ठोकल्या’ होते. त्यांपैकी किती जणांना प्रत्यक्ष हातकडी घातली गेली, ते बातमीवरून कळणे शक्यच नव्हते, कारण या शब्दाचा अर्थ आता ‘अटक केली’ एवढाच उरला आहे. आणि म्हणूनच तो मला निरुपद्रवी वाटत नाही. अटक म्हणजे बेडी, हे समीकरण ज्या वाचकाच्या मनात रोज सकाळी पक्के होते, त्याला हातकडी हा अपवाद आहे आणि त्यासाठी कारण द्यावे लागते, हे माहीत असण्याचे कारण उरत नाही. शब्दातील लोखंड विसरले गेले, की माणसाच्या हातातील लोखंडही डोळ्यांना नेहमीचे वाटू लागते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ४३ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने हातकडीला प्रथमच अटकेच्या कायद्यात नावानिशी जागा दिली. सराईत गुन्हेगार, ताब्यातून पळालेला, आणि दहशतवादी कृत्य, संघटित गुन्हा, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी, बनावट चलन, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांतील व्यक्ती, यांना अटक करताना किंवा न्यायालयापुढे हजर करताना गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य पाहून पोलिसांना हातकडी वापरता येते. यादी असणे हे मोकाट सत्तेपेक्षा बरे, असे कोणी म्हणेल. ते पूर्ण चूक नाही.

पण एक तपशील पाहा. ऑगस्ट २०२३ मधील मूळ विधेयकाच्या यादीत ‘आर्थिक गुन्हे’ हेही होते. संसदीय समितीने ते वगळण्याची शिफारस केली आणि अंतिम कायद्यात ते राहिले नाहीत. शिफारशीमागे तर्क असेल : आर्थिक गुन्ह्यांत किरकोळही येतात, गंभीरही. तो तर्क मी नाकारत नाही. मात्र बँक बुडवणाऱ्याचे हात आणि त्या व्हरांड्यातील रुमालाखालचे हात यांच्याकडे पाहताना मला १९८० साली रद्द झालेला ‘वरच्या वर्गा’चा नियम आठवतो.

प्रबंधिकेचे म्हणाल तर ते सात ‘निगडित’ मी खोडले. पहिल्या झटक्यात सगळीकडे ‘संबंधित’ घातले. मग लक्षात आले, की त्यातही ‘बंध’ आहेच. ‘प्रबंधिके’त आहे, ‘निबंधा’त आहे, ‘ऋणानुबंधा’त आहे. मार्गदर्शकांना सांगितले तर ते हसले आणि म्हणाले, शब्द वापर, फक्त काय हातात धरले आहेस ते माहीत असू दे.

माझी वही अजून अपुरी आहे. तुमच्या बोलीत, विशेषतः कोकणी, वऱ्हाडी, अहिराणी आणि झाडीबोलीत, माणसाला किंवा गुराला बांधण्याच्या साधनांची नावे असतील आणि ती आता वेगळ्याच अर्थाने वापरली जात असतील, तर खाली जरूर लिहा. शक्य असेल तर ती वस्तू कोणी पाहिली होती, आजीने, आजोबांनी की तुम्ही स्वतः, तेही लिहा.